मुकादमाचा रकाना

त्या संध्याकाळी बाईंनी पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला, बोटानं फिरवला आणि "ही बघा अमेरिका" म्हणाल्या. समोर सतरंजीवर बसलेल्या पंचवीस-तीस मुलांपैकी कुणीही मान वर केली नाही. दोघं पेंगत होते. एक जण शेजाऱ्याच्या चपलेचा अंगठा ओढून तुटतो का ते पाहत होता. चौथीतली एक मुलगी दाराकडे बघत होती. सकाळीच तिचे आई-वडील ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कारखान्याकडे गेले होते आणि ट्रॅक्टर ज्या वळणावर दिसेनासा झाला, ते वळण त्या दारातून दिसायचं.

गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगररांगेतलं. दसरा-दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की अशी गावं निम्म्यानं रिकामी होतात. पावसाळ्यातच मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून मजुरीची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि ती उचल फेडायला हे कोयते ऊसतोडीला निघतात सांगली-कोल्हापूरकडे, पुणे-नगरकडे, काही थेट कर्नाटकात. परत येणं मार्च-एप्रिलमध्ये, कारखाने बंद झाल्यावर. पूर्वी मुलंही सरसकट सोबत जायची. फडात मोळ्या बांधायची, वाढं गोळा करायची, धाकट्याला सांभाळत कोपीपाशी बसायची. त्यांच्यासाठी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. पुढे मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहं आली. वसतिगृह म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषद शाळेच्याच दोन खोल्या. तिथं जेवण, थोडा अभ्यास आणि रात्री झोपायला आजीकडे. बाईंकडे होता तो संध्याकाळच्या जेवणानंतरचा, आज्ज्या न्यायला येईपर्यंतचा तास-दीड तास.

हाच वेळ सगळ्यात अवघड. दिवसभर शाळेत रमलेली मुलं अंधार पडला की गप्प व्हायची. बाईंनी भेंड्या लावून पाहिल्या, पाढे म्हणून पाहिले. शेवटी त्यांनी स्वतःच्या पेटीतलं एक पुस्तक काढलं. डी.एड. करताना आपलं इंग्रजी सुधारावं म्हणून पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून त्यांनी ते उचललं होतं. अमेरिकन लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर हिचं 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी'. मनात दोन पानं वाचायची आणि आपल्या मराठीत सांगायची, असा बेत होता. मुलांना जग दाखवावं, म्हणून सुरुवात गोलानं केली होती.

गोल फसला. बाईंनी तो कपाटावर ठेवून दिला आणि विचारलं, "सकाळी ट्रॉलीत काय काय भरलं?"

खोली जागी झाली. पत्र्याची पेटी. पिठाचा डबा. तवा, परात. दोन कोयते. गोधड्या. कोपीचे बांबू आणि ताडपत्री. शेळी. खुराड्यात कोंबड्या. खंडोबाचा टाक, कापडात गुंडाळून. मोबाइलचा चार्जर. दाराकडे बघणारी मुलगी म्हणाली, "माझ्या मायनं आरसा बी नेलाय. लग्नातला हाय. बा म्हनला, फुटंल. तरी नेला."

"आता ऐका," बाई म्हणाल्या, "लॉराच्या आईनं गाडीत काय भरलं ते."

लॉरा जन्मली 1867 मध्ये, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात. ती दोन-अडीच वर्षांची असताना तिचे वडील घोड्याच्या गाडीत सगळा संसार घालून कॅन्ससच्या गवताळ माळाकडे निघाले. गाडीवर कॅनव्हासचं छप्पर होतं. आत अंथरुणं, लोखंडी भांडी, मक्याचं पीठ, खारवलेलं मांस, बंदूक आणि वडिलांचं फिडल. जॅक नावाचा कुत्रा गाडीखालून चालायचा. आणि आईनं जपून नेलेली एक वस्तू होती, तिचा काहीच उपयोग नव्हता: चिनी मातीची मेंढपाळणीची छोटी बाहुली. नवं घर उभं राहिलं की ती फळीवर मांडायची. ती मांडली की घर झालं.

"आरशावानी," मुलगी म्हणाली. त्या दिवशी ती प्रथमच दाराकडे पाठ करून बसली.

पुढचे दोन महिने ते पुस्तक चाललं. बाई आधी तयारी करून यायच्या. ख्रिसमस म्हणजे काय, फिडल कसं दिसतं, बर्फ किती पडतो, हे मुलांना सांगावं लागेल अशी त्यांची समजूत होती. मुलांनी यातलं फारसं विचारलं नाही. परकं होतं ते त्यांनी परकं म्हणूनच सोडून दिलं आणि ओळखीचं तेवढं बरोबर उचललं. लॉराची आई निखाऱ्यावर मक्याची भाकरी भाजते. थापताना तिच्या हाताचा ठसा वर उमटतो आणि वडील म्हणतात, हा ठसा असला की मला आणखी गोड काही नको. हे ऐकल्यावर सगळ्यांनी आपापले तळवे बघितले. ज्वारीच्या भाकरीवरही बोटं उमटतात. आजीची बोटं आणि आईची बोटं वेगळी दिसतात, हे त्यातल्या निम्म्या मुलांना आधीपासून माहीत होतं. बाईंना माहीत नव्हतं.

मग लांडग्यांची रात्र आली. लाकडाच्या ओंडक्यांचं घर बांधून होतंय, पण दार अजून झालेलं नाही. दाराच्या जागी नुसती गोधडी लटकवलेली. आणि रात्री पन्नासेक लांडगे घराभोवती गोल करून बसतात. वडील बंदूक घेऊन उभे, जॅक गोधडीसमोर गुरगुरतोय. बाईंनी आवाज जरा खाली नेऊन हा भाग सांगितला, भीती वाटावी म्हणून. पण आधी भ्याल्या त्या बाईच. कारण मागून एक मुलगा सहज म्हणाला, "आमच्या कोपीला बी दार नसतंय. जुन्नरकडं बिबट्या येतोय. बा रातभर जाळ ठेवतोय." जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागात बिबटे उसातच राहतात, उसातच त्यांना पिल्लं होतात. ऊस तोडायला येणाऱ्यांचा तळ त्या उसाच्या कडेलाच पडतो. बाईंनी हे वर्तमानपत्रात वाचलं होतं. दाराऐवजी गोधडी लावून त्याच्या आत झोपलेलं मूल त्यांच्या वर्गात बसत होतं, हे मात्र त्यांना लांडग्यांमुळे कळलं.

तापाचं प्रकरण तर त्यांना दोनदा सांगावं लागलं. घरातले सगळे एकाच वेळी आजारी पडतात. लॉरा अर्धवट शुद्धीत असते. मोठी बहीण मेरी पाणी मागते, द्यायला कुणी उठू शकत नाही. मग लॉरा पलंगावरून खाली उतरते, जॅकच्या मानेला धरून सरपटत बादलीपर्यंत जाते आणि मेरीला पाणी नेऊन देते. हा ताप मलेरियाचा होता. त्या वेळी कुणाला कारण माहीत नव्हतं. शेजारीण म्हणते, ओढ्याकाठची कलिंगडं खाल्ल्यानं झालं. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात असतो हे रोनाल्ड रॉस यांनी दाखवलं ते 1897 मध्ये, निजामाच्या मुलखातल्या सिकंदराबादच्या छावणीत. बीडही तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं. बाईंनी ही माहिती उत्साहानं पुरवली. मुलांना तिच्यात रस नव्हता. त्यांना हवं होतं ते बादलीपर्यंतचं अंतर. किती पावलं? बादली भरलेली होती का? पाणी सांडलं का? पाचवीतला एक मुलगा शेवटपर्यंत काही बोलला नाही. जाताना म्हणाला, "मागल्या साली माय तापली व्हती. मी कॅनालवरून पानी आनलं." त्या हंगामात तो चौथीत होता आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे चार महिने 'स्थलांतरित' असा शेरा होता. तो बाईंनीच लिहिला होता.

या लेखिकेनं पहिलं पुस्तक प्रसिद्ध केलं ते 1932 मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' आलं 1935 मध्ये. पुढचं 'ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक'ही बाईंनी सांगितलं. त्यात कुटुंब मिनेसोटात असतं, ओढ्याच्या दरडीत खोदलेल्या घरात. छपरावर गवत वाढलेलं, एकदा वरून जाणाऱ्या बैलाचा पाय छपरातून घरात येतो. इथं मुलं इतकी हसली की बाहेर थांबलेल्या आज्ज्या आत डोकावल्या. त्यानंतर येते टोळधाड. 1874 च्या उन्हाळ्यात खरोखरच आकाश झाकून टोळ आले होते. रॉकी माउंटन जातीचे हे टोळ पुढे नामशेष झाले, शेवटचा जिवंत टोळ 1902 मध्ये सापडला. पण तोवर त्यांनी हजारो कुटुंबांची पिकं फस्त केली होती. लॉराच्या वडिलांनी गव्हाच्या भरवशावर घर बांधलेलं, कर्ज डोक्यावर. गहू गेला. मग ते ठिगळं लावलेल्या बुटांनी पूर्वेकडे चालत निघतात, जिथं टोळ गेले नाहीत तिथल्या कापणीवर मजुरी करायला. पुस्तक सांगतं त्याप्रमाणे 300 मैल चालल्यावर त्यांना काम मिळतं. मजुरी दिवसाला एक डॉलर.

"तीनशे मैल म्हंजी किती?"

फळ्यावर गुणाकार झाला. साधारण 480 किलोमीटर. गावापासून कोल्हापूर त्याहून जवळ.

"आनी चालत?" खोलीत एकदम शांतता पसरली. त्यात कीव नव्हती. आपल्यापेक्षा जास्त चाललेल्या माणसाबद्दल वाटतो तसा आदर होता. मग व्यवहाराचे प्रश्न आले. उचल किती घेतली होती? घेतलीच नव्हती? मग रोज मोजून पैसे? मुकादम नव्हता? एकटाच गेला, बाईमाणूस घरी, तर कोयता अर्धाच धरला असेल. दिवसाला एक डॉलर बरा की वाईट, यावर दोन गट पडले. ज्यांना शाळेच्या गणितात नफा-तोट्याची उदाहरणं येत नाहीत असा बाईंचा शेरा होता, ती मुलं यात पुढे होती.

बाईंनी या काळात इकडेतिकडे वाचायला सुरुवात केली. आपल्या वर्गात घडतंय ते नवलाचं नाही, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकी फौजांच्या ताब्यात होता, तेव्हा याच मालेतलं 'द लाँग विंटर' 1949 मध्ये जपानीत आलं. ते आणण्यामागे सत्ताधाऱ्यांचे हेतू होते, आपल्या देशाची चांगली ओळख व्हावी हा त्यातला एक. पण शहरं जळालेली, रेशन अपुरं अशा जपानी मुलांच्या हाती जी गोष्ट पडली, ती होती उपाशी हिवाळ्याची. 1880-81 च्या हिवाळ्यात डाकोटातल्या डे स्मेट गावाची रेल्वे बर्फानं बंद पडली, कोळसा संपला. लॉराच्या घरच्यांनी गवताच्या पेंढ्या पिळून जाळल्या आणि कॉफी दळायच्या छोट्या यंत्रात पाळीपाळीनं गहू दळून भाकरी केली. एकानं दळायचं, बाकीच्यांनी गवत पिळायचं, असा दिवस. जिंकलेल्या देशातली मुलंही कधी अशी भुकेली होती, हे हरलेल्या देशातल्या मुलांना त्या पुस्तकातून दिसलं.

दुसरं उदाहरण बिक मिन्ह न्यूएन या लेखिकेचं. तिचा जन्म 1974 चा, सायगावमधला. एप्रिल 1975 मध्ये सायगाव पडायच्या बेतात असताना तिच्या घरच्यांनी देश सोडला. ती वाढली मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स या शहरात, आणि लहानपणी तिला आपली वाटली ती लॉरा. लॉराचं खाणं वेगळं, देव वेगळा, केसांचा रंग वेगळा. पण गाठोडं बांधून निघालेलं कुटुंब आणि नव्या जागी घर उभं करायची धडपड, हे तिच्या घरातलंच होतं. 2007 मध्ये आलेल्या 'स्टीलिंग बुद्धाज डिनर' या आठवणींच्या पुस्तकात तिनं या वाचनवेडाबद्दल लिहिलं आणि पुढे 'पायोनिअर गर्ल' या कादंबरीचा धागाच लॉराच्या कुटुंबाशी जोडला. मात्र मोठेपणी तिनं आणखी एक गोष्ट मांडली: आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांना त्या पुस्तकांत जागा नाही.

हे वाचून बाई अस्वस्थ झाल्या, कारण त्यांनी वर्गात एक चोरी केली होती.

ज्या कॅन्ससमध्ये लॉराच्या वडिलांनी घर बांधलं, ती जमीन त्यांची नव्हती, सरकारचीही नव्हती. ती ओसेज या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची राखीव भूमी होती. कायद्यानं तिथं वस्ती करायला गोऱ्यांना मुभा नव्हती, तरी शेकडो कुटुंबं घुसली होती, त्यातलं एक हे. पुस्तकात ओसेज येतात ते बहुतेक वेळा भीती होऊन. ते घरात शिरतात, भाकरी खाऊन जातात, आईला त्यांचा तिटकारा आहे. एक शेजारी तर त्यांनी मेलेलंच बरं अशा थाटात बोलतो. बाई हे सगळं गाळत गेल्या. मुलांना त्रास नको, गोष्ट गोड राहू दे. 'इंडियन' हा शब्द मराठीत सांगताना होणारा घोळही नको. ओसेज एका ओळीत उरले: "तिथं आधीपासून काही लोक राहायचे, ते नंतर निघून गेले."

'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी'च्या शेवटाकडे ओसेज माळ सोडून जातात. लॉरा दारात उभी राहून ती रांग बघते. घोड्यावरच्या टोपलीतलं एक तान्हं मूल तिच्याकडे बघतं, काळ्याभोर डोळ्यांनी. लॉरा हट्ट धरते, मला ते बाळ हवंय. हा प्रसंग बाईंनी सांगितला, कारण तो त्यांना आवडायचा.

आरशावाली मुलगी म्हणाली, "त्याची माय काय म्हनली?"

"कुणाची?"

"त्या बाळाची. ती घोड्यावर आसंल की. आनी ती समदी कुठं चालली? मागल्या बारीला तुमी म्हनला व्हता, निघून गेले. काहून गेले? त्यांनी पन उचल घेतली व्हती का?"

बाईंना उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगते म्हणाल्या. त्या रात्री त्यांनी गाळलेली पानं पुन्हा वाचली आणि मिळेल तेवढं इतर वाचलं. ओसेज वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, रानगव्यांच्या शिकारीला पश्चिमेकडे जात. गावं तेवढ्यापुरती ओस पडत. परत आल्यावर त्यांना दिसे की घरं लुटलीत, साठवलेलं धान्य गेलंय, शेतावर कुणीतरी खुंट्या ठोकल्यात. 1870 मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा केला, ओसेजना कॅन्सस सोडायला भाग पाडण्यात आलं. जमीन विकून आलेल्या पैशांतून त्यांनी दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, चेरोकी लोकांकडून दुसरी जमीन विकत घेतली. त्या खडकाळ जमिनीखाली पुढे तेल निघालं आणि 1920 च्या दशकात त्या तेलाच्या हक्कांसाठी ओसेज माणसांचे खून पाडण्यात आले. मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' या 2023 च्या चित्रपटाची कथा तीच.

आणखीही कळलं. 1935 च्या आवृत्तीत, त्या मुलखात माणसंच नव्हती, नुसते इंडियन होते, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. पुढे एका वाचकाच्या पत्रानं प्रकाशकाचे डोळे उघडले आणि 1953 पासून 'माणसं' या शब्दाच्या जागी 'वस्ती करणारे' असा शब्द आला. 1998 मध्ये मिनेसोटात दकोटा या मूळ रहिवासी जमातीतल्या एका आठ वर्षांच्या मुलीच्या वर्गात हे पुस्तक मोठ्यानं वाचलं गेलं, तेव्हा ती रडत घरी आली. मेलेल्या इंडियनबद्दलचं ते वाक्य तिनं आपल्याबद्दल म्हणून ऐकलं होतं, आणि ते होतंच तिच्याबद्दल. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेनं बालसाहित्यासाठी लॉराच्या नावानं दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचं नाव 2018 मध्ये बदललं. पहिला पुरस्कार 1954 मध्ये खुद्द लॉरालाच मिळाला होता.

पुस्तक पेटीत परत ठेवून द्यावं असं बाईंना वाटलं. दोन महिने ज्या गाडीत मुलांना बसवलं, त्या गाडीनं कुणाची तरी शेतं तुडवली होती, हे कसं सांगायचं? शेवटी त्यांनी सांगितलं, सरळ सांगितलं. आपण पानं गाळली होती, हेही.

मुलांनी बाईंना फार वेळ अपराधी राहू दिलं नाही. त्यांना गाळलेल्या पानांपेक्षा कुलपाची पंचाईत जास्त होती. ओसेज शिकारीला जाताना घराला कुलूप लावायचे का? मागे कुणी म्हातारं माणूस राहायचं का? "आमचं घर बी सहा म्हैने बंद असतंय," एकजण म्हणाला, "पन आज्जी हाय." दुसरा म्हणाला, त्याच्या चुलत्यांचा बांध दरवर्षी हंगामात नांगराच्या एका तासानं सरकतो. शेजारी नांगरताना तेवढं इकडे घेतो, आल्यावर भांडण. मग लॉराचे वडील चोर का? यावर बराच वाद झाला. आरशावाल्या मुलीचं मत असं पडलं की लॉरा आपलीच, तिच्या बापाचं चुकलं, आणि ती रांगेतली माय पण आपलीच. बाई म्हणाल्या, दोघी कशा? ती म्हणाली, "दोघींचा बी संसार गाडीवर हाय की."

हंगाम संपायला महिना-दीड महिना उरला होता. बाईंनी दुसरं पुस्तक मागवलं. लुईझ अर्ड्रिच ही ओजिब्वे या मूळ रहिवासी वंशाची लेखिका. तिची 'द बर्चबार्क हाऊस' ही कादंबरी 1999 मध्ये आली. काळ 1847 चा, स्थळ सुपीरियर सरोवरातलं एक बेट. नायिका ओमाकायस, सात वर्षांची. नावाचा अर्थ छोटी बेडकी, कारण तिनं पहिलं पाऊल टाकलं ते उडी मारूनच. यावर एका मुलाचं नाव जन्मभरासाठी 'बेडक्या' पडलं. लॉरासारखंच घर, धाकटा खोडकर भाऊ, पाळलेला कावळा, पण गाडीच्या आतून नाही, बाहेरून बघितलेलं जग.

इथं मुलांना सगळ्यात जवळची वाटली ती आजी, नोकोमिस. नातीला गोष्टी सांगणारी, झाडपाला ओळखणारी. सहा महिने आजीकडेच राहणाऱ्या मुलांना आजी समजावून सांगावी लागत नाही. हिवाळ्यात वस्तीवर देवीची साथ येते, तान्हा भाऊ जातो. दुसऱ्या दिवशी तीन-चार मुलांनी आजीला हाताला धरून वर्गात आणलं आणि दंडावरचा लसीचा गोल वण दाखवायला लावला. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला 1975 मध्ये. त्या आज्ज्या तेव्हा पोरी होत्या. एकीच्या तर गालावरच वण होते. ती म्हणाली, "आमच्या घरातली दोन गेली." मग पदर सावरून बाकावर बसली आणि पुढची गोष्ट ऐकूनच उठली.

शेवटी वसंत आला, पुस्तकात आणि गावातही. बर्फ वितळू लागला की ओमाकायसचं कुटुंब हिवाळ्यातलं घर सोडून रानात तळ टाकायला जातं. मेपलच्या झाडांना खाचा पाडायच्या, गळणारा रस सालीच्या भांड्यात धरायचा, कढईत उकळत ठेवायचा. चाळीस भांडी रस आटवला तर एक भांडं पाक मिळतो. तो आणखी आटवून घोटला की साखर.

"साखर?" तीन-चार आवाज एकदम आले.

"साखर," बाई म्हणाल्या. "दरवर्षी त्यासाठी सगळं घर तळावर जातं. पोरंसोरं, आजी, सगळी."

फळ्यावर तक्ता सुरू झाला, तो मुलांनीच आखला. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला बेडकीचं घर. कशासाठी जातात: साखर, साखर. कशापासून: ऊस, मेपल. किती रसाची किती साखर: शंभर किलो उसाची दहा-अकरा किलो, हे सहावीतल्या एकाला ठाऊक होतं, त्याचा बाप कारखान्याच्या फाटकावर ऐकून आला होता. कधी जातात: दिवाळीला, बर्फ वितळल्यावर. राहतात कुठं: कोपीत, तळावर. पोरं काय करतात: दोन्हीकडे सारखंच, लाकडं आणि पाणी आणतात, धाकटं सांभाळतात. परत कधी येतात: कारखाना बंद झाल्यावर, रस आटल्यावर.

आरशावाल्या मुलीनं शेवटचा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'मुकादम'. आमच्या बाजूला तिनं नाव लिहिलं. मग खडू हातात धरून बाईंकडे वळली. "यांचा कोन?"

"यांचा कुणी नाही," बाई म्हणाल्या. "झाडं त्यांच्या रानातली, कढई त्यांची, आटवलेली साखरही त्यांचीच."

"उचल?"

"नाही."

तिनं थोडा वेळ विचार केला. चूक राहू नये म्हणून आधीचे रकाने पुन्हा वाचले. मग त्या चौकोनात एक आडवी रेघ मारली आणि खडू ठेवून दिला. पाच दिवसांनी तिचे आई-वडील कारखान्यावरून परत आले. आरसा फुटला नव्हता.